इथे माऊस हलवा, तिथे बाण हलेल

संगणक एका गावी आणि तो चालवणारा माणूस दुसऱ्या गावी, असे होऊ शकते का? होऊ शकते. त्यासाठी वेगळे यंत्र विकत आणावे लागत नाही. बहुतेक संगणकांत ही सोय आतच दिलेली असते. विंडोजच्या संगणकात ‘रिमोट डेस्कटॉप’ आणि ‘क्विक असिस्ट’ अशी दोन नावे सापडतील, ॲपलच्या मॅक संगणकात तिला ‘स्क्रीन शेअरिंग’ म्हणतात. मराठीत आपण ‘पडदा वाटून घेणे’ म्हणू. मधल्या सुट्टीत आपण डबा वाटून घेतो ना, तसे. फरक एवढाच की डबा वाटला की आपल्या वाट्याचा कमी होतो, पडदा काही कमी होत नाही.

हा पडदा तारेतून पलीकडे जातो कसा, ते गुरुजींनी मला फळ्यावर गणिते मांडून समजावले. तेच इथे लिहिते आहे. भित्तिपत्रक पाहायला आलेल्या पालकांना विनंती, की गणिताला घाबरून अर्ध्यातून जाऊ नका. पुढे मोबाइलची आणि बँकेतल्या पैशांची गोष्ट आहे.

आधी पडदा म्हणजे काय ते पाहू. संगणकाच्या पडद्याकडे भिंगातून पाहा. बारीक बारीक ठिपके दिसतील. दिवाळीत आई ठिपक्यांची रांगोळी काढते, तसाच हा प्रकार. आमच्या वर्गातल्या संगणकाच्या पडद्यावर एका आडव्या ओळीत १३६६ ठिपके आहेत आणि अशा ७६८ ओळी आहेत. करा गुणाकार. उत्तर येते १०,४९,०८८. आता प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला तीन आकडे लागतात: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. एका आकड्याला संगणकात एक बाइट जागा लागते. म्हणजे एका चित्राला झाले ३१,४७,२६४ बाइट. पडद्यावरचे हलते दिसावे म्हणून सेकंदाला ३० चित्रे पाठवायची ठरवली, तर दर सेकंदाला ९,४४,१७,९२० बाइट! साडेनऊ कोटींच्या घरात. आपल्याकडे लग्नाचा एक फोटो पाठवायचा तर चाक फिरत बसतं, तिथे हे कसं जायचं?

त्याचे उत्तर रांगोळीतच आहे. समजा, रांगोळीवरून कोंबडी गेली आणि एक पाकळी पुसली. आई सगळी रांगोळी पुन्हा काढते का? नाही. तेवढी पाकळी भरते. संगणकही तेच करतो. सुरुवातीला एकदा सगळे चित्र जाते. त्यानंतर पाहणारा संगणक विचारत राहतो, “काय बदललं?” आणि दाखवणारा संगणक फक्त बदललेला चौकोन पाठवतो. कोपऱ्यातल्या घड्याळात ११:०४ चे ११:०५ झाले, तर घड्याळाएवढा चौकोन. एक अक्षर टाइप केले, तर अक्षराएवढा चौकोन. काहीच बदलले नाही तर काहीच नाही. तो चौकोनसुद्धा दाबून, लहान करून पाठवतात. पांढऱ्या कागदाचा हजार ठिपक्यांचा तुकडा असेल तर “पांढरा, पांढरा, पांढरा” असे हजार वेळा कशाला सांगायचे? “एवढ्या जागेत सगळे पांढरे” म्हटले की झाले.

याहून गमतीची एक युक्ती आहे. पडद्यावरची एखादी खिडकी आपण माऊसने धरून बाजूला सरकवली, तर चित्र बरेच बदलते. पण नवीन काही आलेले नसते, जुनेच जागा बदलून बसलेले असते. तेव्हा दाखवणारा संगणक नुसता निरोप देतो, “तुझ्याकडे तो तुकडा आहेच, तो उचल आणि इथे ठेव.” चित्र पाठवायचेच नाही! मला ही युक्ती सगळ्यांत जास्त आवडली.

यावरून एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. पडदा वाटून घेऊन पत्र लिहिले तर सुरळीत चालते, पण सिनेमा लावला तर अडखळतो. सिनेमात रांगोळी क्षणोक्षणी पुसली जाते आणि सगळी नव्याने काढावी लागते.

“काय बदललं?” असे विचारण्याचे हे नियम इंग्लंडमधल्या केंब्रिज येथे, ऑलिव्हेटी कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत तयार झाले. त्या पद्धतीला व्हीएनसी म्हणतात. १९९८ साली तिच्यावरचा लेख प्रसिद्ध झाला आणि प्रयोगशाळेने ती सर्वांना मोफत खुली केली. मॅक संगणकात स्क्रीन शेअरिंग २००७ साली आले, त्यालाही ही भाषा समजते. विंडोजची भाषा निराळी आहे, तिचे नाव आरडीपी. पण बदललेलेच पाठवायचे, ही मूळ कल्पना दोन्हींकडे आहे.

चित्र तिकडून इकडे येते. आता इकडून तिकडे काय जाते? आपला हात जातो. म्हणजे माऊस कुठे आहे आणि कोणती कळ दाबली, एवढीच बातमी. गणिताच्या तासाला आलेखाच्या कागदावर बिंदू कसा सांगतो? आडवे इतके, उभे इतके. माऊसचेही तसेच आहे. व्हीएनसीमध्ये आडव्या आकड्याला २ बाइट, उभ्या आकड्याला २ बाइट, कोणते बटण दाबले त्याला १ आणि हा निरोप माऊसचा आहे हे सांगायला १, असे सहाच बाइट लागतात. कीबोर्डवरच्या कळीला आठ लागतात. कळ दाबली याचा एक निरोप आणि सोडली याचा दुसरा.

एकीकडे एकतीस लाख बाइटचे चित्र आणि दुसरीकडे सहा बाइटचा हात. चित्राला हमरस्ता लागतो, हाताला पाऊलवाट पुरते.

आणि काय नवल पाहा, ही गोष्ट पहिल्यांदा लोकांना दाखवली तेव्हा खरोखरच दोन वेगळ्या वाटा वापरल्या होत्या. ९ डिसेंबर १९६८ ची ही हकिगत आहे. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात एका सभागृहात सुमारे हजार संगणकतज्ज्ञ बसले होते. व्यासपीठावर डग्लस एंगलबार्ट नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांचा संगणक सभागृहात नव्हताच. तो सुमारे ४८ किलोमीटर दूर, मेन्लो पार्क या गावी त्यांच्या संस्थेत होता. तिथला पडदा सॅन फ्रान्सिस्कोत दिसत होता. चित्र आणण्यासाठी मायक्रोवेव्हच्या तबकड्या लावून हवेतून वाट केली होती. एंगलबार्टसाहेबांचा हात मात्र टेलिफोनच्या तारेवरून जात होता, सेकंदाला जेमतेम १२०० बिट, म्हणजे १५० बाइट, या वेगाने. तेवढ्यात काम भागले! मेन्लो पार्कला बसलेले त्यांचे सहकारी बिल पॅक्स्टन यांचा चेहरा पडद्याच्या एका भागात दिसू लागला आणि दोघांनी मिळून एकाच मजकुरावर काम केले. दोघांचे बाण एकाच पडद्यावर. माऊस हे साधनसुद्धा त्याच कार्यक्रमात पहिल्यांदा मोठ्या सभेपुढे आले. चंद्रावर माणूस उतरला तो त्यानंतर सात महिन्यांनी, जुलै १९६९ मध्ये. एंगलबार्ट २०१३ साली वारले. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच्या काळात ते अमेरिकेच्या नौदलात रडारचे काम करत. रडारच्या पडद्यावरचे ठिपके पाहूनच, माणसांनी पडद्यासमोर बसून एकत्र विचार करावा, हे त्यांच्या मनात आले असे सांगतात.

आता आपल्या शाळेकडे येऊ.

कार्यालयात एक संगणक आहे आणि आमच्या वर्गात एक. दोन्ही एकाच वायफायच्या डब्याला जोडलेले आहेत. त्या डब्याने प्रत्येकाला एक पत्ता दिला आहे. वर्गातल्या संगणकाचा पत्ता १९२.१६८.१.७ असा आहे. (संगणकात टाकताना हे आकडे इंग्रजी अंकांत टाकायचे बरं का.) गुरुजींनी वर्गातल्या संगणकाच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टिम’ उघडून ‘रिमोट डेस्कटॉप’ चालू केले. मग कार्यालयात जाऊन तिथल्या संगणकावर ‘रिमोट डेस्कटॉप कनेक्शन’ उघडले, तो पत्ता टाकला, आणि वर्गातल्या संगणकाचे नाव व पासवर्ड दिला. आम्ही पाच-सहा जण वर्गातल्या संगणकासमोर डोळे लावून बसलो होतो. आम्हाला वाटले, आता बाण आपोआप फिरेल. पण झाले उलटेच! आमच्या समोरचा पडदा गेला आणि कुलूप लावलेले चित्र आले. सगळा पडदा कार्यालयात गुरुजींपुढे.

याचे कारण असे की रिमोट डेस्कटॉप म्हणजे खुर्ची. खुर्चीवर एका वेळी एकच जण बसणार. दुरून गुरुजी बसले की इथला माणूस उठला. मॅकचे स्क्रीन शेअरिंग किंवा विंडोजचे क्विक असिस्ट वापरले तर तसे होत नाही. तिथे दुसरा माणूस आपल्या खांद्यामागे उभा राहून पाहतो, आणि आपण परवानगी दिली तर हात पुढे करून माऊसही धरतो. दोघांनाही सगळे दिसत असते. स्वतःच्याच दूरच्या संगणकावर काम करायचे असेल तर खुर्ची बरी. कोणाला शिकवायचे किंवा मदत करायची असेल तर खांद्यामागे उभे राहणे बरे. विंडोजच्या ‘होम’ प्रकारच्या संगणकाला दुसऱ्याकडे जाता येते, पण त्याच्याकडे रिमोट डेस्कटॉपने कोणाला येता येत नाही. त्यासाठी ‘प्रो’ प्रकार लागतो. हे घरी करून पाहण्याआधी तपासा, नाहीतर उगाच तासभर जाईल. शिवाय दूरचा संगणक जागा असावा लागतो. वीज गेली आणि तो बंद पडला, की कितीही हुशार माणूस दुरून काही करू शकत नाही. बटण दाबायला तिथे कोणीतरी लागतेच.

मी गुरुजींना विचारले, “हाच पत्ता घालून पुण्याहून येता येईल का?” गुरुजी म्हणाले, “अगं, हा वाड्यातल्या खोलीचा नंबर आहे. खोली नंबर सात प्रत्येक वाड्यात असते. पोस्टमनला नुसतं ‘खोली नंबर सात’ सांगून पत्र पोचेल का?” १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घराघरांत तेच ते असतात, त्यामुळे ते बाहेर चालत नाहीत. काही जण राऊटरमधून थेट बाहेरची वाट मोकळी करून ठेवतात. ते धोक्याचे आहे, कारण अशी उघडी दारे शोधत फिरणारे लोक जगभर आहेत. त्यापेक्षा मध्यस्थ बरा. दोन्ही संगणक आपापल्या दारातून बाहेर पडतात, मध्ये एका मोठ्या संगणकापाशी भेटतात आणि तो दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवतो. क्विक असिस्टचे काम असेच चालते.

त्याचा उपयोग आपल्या शाळेला झाला तो दाखल्यांच्या वेळी. गुरुजींनी जुन्या फाइलमधला दाखला उघडला तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता काला! आपल्या शाळेचे एक माजी विद्यार्थी पुण्याला संगणकाचे काम करतात. त्यांना आम्ही दादा म्हणतो. गुरुजींनी त्यांना फोन लावला. वीस मिनिटे फोनवर “वर उजव्या कोपऱ्यात काय दिसतंय?” “काही नाही दिसत रे,” असे चालले. शेवटी दादा म्हणाले, “गुरुजी, पडदाच दाखवा.”

मग गुरुजींनी कंट्रोल, विंडोज आणि क्यू या तीन कळा एकदम दाबल्या. क्विक असिस्ट उघडले. दादांच्या संगणकावर एक कोड तयार झाला. तो त्यांनी फोनवर सांगितला, गुरुजींनी टाकला. असा कोड दहा मिनिटेच चालतो. नंतर संगणकाने विचारले, पडदा दाखवायचा का? गुरुजींनी होय म्हटले. दादांना दिसू लागले, पण अजून माऊस त्यांच्या हाती नव्हता. त्यांनी तो मागितल्यावर संगणकाने गुरुजींना पुन्हा विचारले, आणि गुरुजींनी पुन्हा होय म्हटले. बाण हलू लागला तेव्हा आमच्यातला एक जण “भूत!” म्हणून ओरडलाच.

दादांनी पाहताक्षणी ओळखले. फाइल जुन्या मराठी फॉन्टमध्ये होती आणि तो फॉन्ट या संगणकात नव्हता. त्यांनी तो पाठवला आणि बसवायला घेतला. फॉन्ट सगळ्यांसाठी बसवायचा म्हटल्यावर विंडोजने परवानगीची चौकट काढली. त्या क्षणी दादांच्या पडद्यावर सगळे काळे झाले! आम्हाला चौकट दिसत होती, त्यांना नाही. ते फोनवर म्हणाले, “आता ‘होय’ तुम्हीच दाबा, ते मला दाबता येत नाही.” विंडोजमध्ये ही व्यवस्था मुद्दाम केलेली आहे. संगणकात मोठा बदल करायचा तर जो तिथे बसला आहे त्यानेच हो म्हणायचे. मला वाटते, ज्यांनी ही रचना केली त्यांनी फार विचार केला असणार. पाच मिनिटांत दाखला मराठीत आला. मग गुरुजींनी खिडकी बंद केली आणि दादा गेले.

बाण हलायला जरा वेळ लागतो, हे तेव्हा दिसले. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे काय, जवळच आहे. पण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून कोणी आपला संगणक चालवला, तर अंतर धरा तेरा हजार किलोमीटर. हात इकडे येणार आणि चित्र परत तिकडे जाणार, म्हणजे सव्वीस हजार. भागाकार केला की ०.१३ सेकंद. मधली यंत्रे आपला वेळ घेतात तो निराळा. ज्यांचे मुलगे-मुली तिकडे आहेत त्यांनी हे करून पाहावे, उशीर जाणवतो.

आता पालकांसाठी सांगितलेली गोष्ट.

आमच्या आळीतल्या एका काकांना फोन आला. “तुमचं लाइटबिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री वीज कापली जाईल.” काका घाबरले. सोयाबीनचे पैसे नुकतेच खात्यात आले होते. फोनवरचा माणूस गोड बोलत होता. त्याने एक ॲप मोबाइलमध्ये घ्यायला लावले, त्यात आलेला नंबर वाचून दाखवायला सांगितले आणि “फोन ठेवू नका, काका” असे पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. मग दहा रुपये भरून पाहा म्हणाला. काकांनी बँकेचे ॲप उघडले. तेवढ्यात त्यांची मुलगी, आमची ताई, अंगणातून आत आली. मोबाइलच्या वरच्या कडेला पडदा बाहेर जात असल्याची खूण तिला दिसली. तिने विचारत न बसता मोबाइल बंद केला. काही रक्कम तोपर्यंत गेलीच होती, बाकीची राहिली. ताईने दुसऱ्या फोनवरून लगेच १९३० ला कळवले आणि बँकेला सांगून खाते थांबवले.

वर चौकोनांचे जे लिहिले आहे ते आठवून पाहा, म्हणजे काय झाले ते उमगेल. पडदा वाटला की त्यावर जे जे बदलते ते ते पलीकडे जाते. बँकेचा ओटीपी येतो, म्हणजे पडद्यावर एक नवीन चौकोन उमटतो. संगणकाला हे चित्र आणि तो ओटीपी असा भेद कळत नाही, तोही निघतो. लोक सांगतात, “मी कोणाला ओटीपी सांगितला नाही.” खरेच सांगितला नसतो. पडद्यानेच तो दाखवलेला असतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच अशा ॲपच्या साहाय्याने होणाऱ्या चोरीबद्दल बँकांना सावध केले होते. काही बँकांची ॲप पडदा वाटताना स्वतःला काळे करून घेतात, पण सगळीच करतात असे नाही, आणि ओटीपीचा संदेश तर मेसेजमध्ये उघडाच येतो.

दादा आणि तो फोनवाला, दोघांनीही पडदाच मागितला. यंत्र तेच, रीतही जवळजवळ तीच. दादांना गुरुजींनी आपण होऊन फोन केला होता. काकांना परक्याचा फोन आला होता. आमच्या घरी आता एवढेच ठरले आहे: आपण ओळखीच्या माणसाला फोन केला असेल तरच पडदा दाखवायचा, आणि तो दिसत असेपर्यंत बँकेचे काही उघडायचे नाही. संशय आला तर बोलत न बसता मोबाइल किंवा वायफाय बंद करायचे. तार तुटली की हातही नाही आणि चित्रही नाही. पैसे गेलेच असतील तर १९३० हा नंबर आहे. जितक्या लवकर कळवाल तितके बरे. आणि यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, हे आजोबा-आजींना वाचून दाखवा.

येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर गुरुजी हा प्रयोग पुन्हा करून दाखवणार आहेत. कार्यालयातून एक जण माऊस हलवेल आणि वर्गात बाकीच्यांनी मोजायचे, की खिडकी सरकवताना बाण किती अडखळतो आणि व्हिडिओ लावल्यावर किती. पालकांनीही यावे. मोबाइल बरोबर आणला तर पडदा बाहेर जात असल्याची खूण कुठे दिसते, तेही ताई दाखवणार आहे.

(इयत्ता सातवी)